अमली पदार्थ धोरणातील बदलासाठी व्हिडिओ: कोणासाठी, कशासाठी आणि कोणाच्या जोखमीवर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या लोकांना स्वच्छ सिरिंज, नॅलॉक्सोन (अतिमात्रेत जीव वाचवणारे औषध) आणि औषधोपचार मिळवून देणाऱ्या एका छोट्या संस्थेने धोरण बदलावे म्हणून बारा मिनिटांचा माहितीपट केला. तो समाजमाध्यमांवर पुष्कळ लोकांनी पाहिला, त्याचे कौतुकही झाले, पण एकही निर्णय बदलला नाही. तेव्हा पुढचा व्हिडिओ कसा करावा, आणि त्यात लोकांचे चेहरे दाखवावेत की नाही, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सुरू होते: हा व्हिडिओ नेमका कोण पाहणार आहे आणि पाहिल्यावर त्याने काय करायचे आहे. हे आधी ठरले की चित्रीकरणाचे आणि लांबीचे प्रश्न बरेचसे सुटतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या माणसाला त्याचे बोलणे कोणाकोणापर्यंत जाणार आहे हे आपण खरेपणाने सांगू शकतो. ज्या संस्थेला स्वतःचा प्रेक्षक माहीत नाही, तिने घेतलेली संमती कागदावर पूर्ण दिसली तरी प्रत्यक्षात अपुरी असते.

‘जनजागृती’ हा उद्देश या कामासाठी फार सैल आहे, कारण अमली पदार्थांचे धोरण एका टेबलावर ठरत नाही. १९६१, १९७१ आणि १९८८ या वर्षांचे संयुक्त राष्ट्रांचे तीन करार त्याची चौकट आखतात. दर वर्षी मार्चमध्ये व्हिएन्ना येथे भरणाऱ्या अमली पदार्थ आयोगाच्या बैठकीत ५३ सदस्य देश त्या चौकटीत ठराव करतात. शिक्षेची कलमे संसद लिहिते, कोणते औषध कोणत्या केंद्रातून द्यायचे हे आरोग्य खाते ठरवते, आणि सिरिंज वाटणाऱ्या कार्यकर्त्याला अडवायचे की पुढे जाऊ द्यायचे हे पोलीस ठाण्याचा प्रमुख रोजच्या रोज ठरवत असतो. पोर्तुगालमध्ये १ जुलै २००१ पासून स्वतःच्या वापरासाठी साधारण दहा दिवस पुरेल इतका साठा जवळ असणे हा फौजदारी गुन्हा राहिला नाही आणि अशा व्यक्तीला न्यायालयाऐवजी तीन सदस्यांच्या आयोगापुढे पाठवण्याची पद्धत सुरू झाली. असा बदल करण्याचा अधिकार संसदेचाच होता. याउलट सिरिंज वाटप केंद्राच्या दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची झडती घेऊ नये, ही सूचना एखादा वरिष्ठ पोलीस अधिकारी एका परिपत्रकाने देऊ शकतो. या दोन निर्णयांसाठी एकच व्हिडिओ चालणार नाही.

म्हणून कॅमेरा हातात घेण्यापूर्वी एक वाक्य लिहून काढावे: कोणत्या पदावरील व्यक्तीने, कोणत्या तारखेपूर्वी, कोणता निर्णय घ्यावा असे आपल्याला वाटते. त्याखाली दुसरे वाक्य लिहावे: आज ती व्यक्ती तो निर्णय का घेत नाही. या दुसऱ्या वाक्यावर जितका वेळ द्याल तितका थोडा आहे. बहुतेक संस्था असे धरून चालतात की अधिकाऱ्यांना वस्तुस्थिती माहीत नाही, आणि मग बारा मिनिटे वस्तुस्थिती सांगत राहतात. माझा अनुभव असा आहे की आरोग्य खात्यातील माणसाला एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी कसा पसरतो हे आपल्याइतकेच ठाऊक असते. त्याला भीती असते ती शेजारच्या रहिवाशांच्या मोर्चाची, विरोधी पक्षाच्या आरोपांची किंवा पोलीस खात्याच्या नाराजीची. अडथळा रहिवाशांच्या भीतीचा असेल, तर सुई घेणाऱ्या माणसाच्या यातना दाखवून तो दूर होत नाही. जिथे असे केंद्र काही वर्षे चालू आहे, तिथल्या शेजारच्या दुकानदाराने किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगितलेली चार वाक्ये त्या अधिकाऱ्याच्या अधिक कामाची असतात, कारण उद्या सभेत कोणी प्रश्न विचारला तर ती वाक्ये तो स्वतः वापरू शकतो. अडथळा पोलिसांचा असेल, तर निवृत्त पोलीस अधिकाऱ्याची साक्ष शोधावी. आपल्या बारा मिनिटांच्या माहितीपटात, आपण दिलेल्या वर्णनावरून, असा एकही माणूस नाही.

चित्रपटाचा असा नेमका वापर नवा नाही. १९६७ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर, तिथल्या मच्छीमार वस्त्यांचे स्थलांतर करण्याचा सरकारी विचार चालू असताना, राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो आणि मेमोरियल विद्यापीठाचे डॉन स्नोडेन यांनी बेटावरच्या लोकांबरोबर दोन डझनांहून अधिक छोट्या फिती तयार केल्या. त्या आधी बेटावरच्याच वेगवेगळ्या वस्त्यांना दाखवल्या गेल्या, म्हणजे परस्परांशी फारसे न बोलणाऱ्या लोकांनी एकमेकांचे म्हणणे पडद्यावर ऐकले. नंतर त्या प्रांताच्या मंत्र्यांना दाखवण्यात आल्या, आणि मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचे उत्तर चित्रित करून ते पुन्हा बेटावर आणले गेले. बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि स्थलांतर टळले. याचे सगळे श्रेय फितींना देणे बरोबर होणार नाही, कारण लोकांची स्वतःची संघटनाही त्यामागे होती. परंतु या पद्धतीत आजही घेण्यासारखे पुष्कळ आहे: बोलणाऱ्यांनी आपले चित्रण स्वतः आधी पाहिले, ठरावीक लोकांना ते दाखवले गेले, आणि सत्तेवरील माणसाला कॅमेऱ्यासमोर उत्तर द्यावे लागले. हंगेरीतील नागरी स्वातंत्र्य संघटनेने २००७ पासून अमली पदार्थ धोरणावर व्हिडिओ करताना व्हिएन्नाच्या बैठकींतील सरकारी प्रतिनिधींनाच प्रश्न विचारले, त्यामागेही हाच विचार दिसतो. एरवी बंद दालनात राहणारी भूमिका नोंदवली गेली की ती बदलण्यासाठी किंवा तिचे समर्थन करण्यासाठी त्या प्रतिनिधीच्या मायदेशातील लोक प्रश्न विचारू शकतात.

आता काय दाखवावे याकडे येतो. दृश्य स्वतःचा अर्थ स्वतः सांगत नाही, हे या क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी पक्के लक्षात ठेवावे. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला केलेली मारहाण एका रहिवाशाने आपल्या घराच्या सज्जातून चित्रित केली आणि ती जगभर पाहिली गेली. तरीही एप्रिल १९९२ मध्ये ज्युरीने त्या अधिकाऱ्यांना जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केले, कारण बचाव पक्षाने तीच फीत चौकट-चौकट थांबवून ज्युरीला वेगळ्या अर्थाने दाखवली होती. अमली पदार्थांच्या बाबतीत हा धोका अधिक तीव्र असतो. झुरिचमधील प्लाट्झश्पिट्झ उद्यानात उघड्यावर सुई घेणाऱ्या शेकडो लोकांची दृश्ये १९९२ मध्ये ते उद्यान बंद होईपर्यंत जगभर दाखवली गेली. त्याच दृश्यांचा आधार घेऊन काहींनी अधिक कठोर कारवाई मागितली आणि काहींनी उपचारांची नवी व्यवस्था मागितली. स्वित्झर्लंडने १९९४ मध्ये वैद्यकीय देखरेखीखाली हेरॉइन देणारे उपचार प्रायोगिक स्वरूपात सुरू केले आणि २००८ च्या सार्वमतात ६८ टक्के मतदारांनी त्यांना कायम कायदेशीर आधार दिला. मधल्या चौदा वर्षांत उघड्यावरची गर्दी कमी झाली आणि व्यवस्था चालते हे लोकांनी पाहिले, याचा त्या मतदानात मोठा वाटा होता. निव्वळ भीषण दृश्य प्रेक्षकाला अस्वस्थ करते, आणि अस्वस्थ झालेला प्रेक्षक सर्वांत ओळखीच्या उपायाकडे, म्हणजे पोलीस आणि तुरुंगाकडे, वळतो.

म्हणून हातात शिरणाऱ्या सुईचे जवळून घेतलेले दृश्य, अंधारा बोळ, जमिनीवर पडलेला देह आणि त्यावर गंभीर संगीत हे सारे मी पूर्णपणे टाळतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सहभागी लोकांना वेगवेगळी वर्णने वाचायला दिली होती. उपचार न मिळालेल्या, लक्षणे तीव्र असलेल्या हेरॉइनग्रस्त व्यक्तीचे वर्णन वाचलेल्यांचा दृष्टिकोन अधिक नकारात्मक झाला. उपचार यशस्वी झालेल्या व्यक्तीचे वर्णन वाचलेल्यांमध्ये मात्र अशा माणसांपासून दूर राहण्याची इच्छा कमी आढळली आणि उपचारांवरचा विश्वास वाढलेला दिसला. भीतीवर उभ्या राहिलेल्या सरकारी जाहिरातींचे चित्रही फारसे वेगळे नाही. अमेरिकेने १९९८ पासून तरुणांसाठी चालवलेल्या अमली पदार्थविरोधी माध्यम मोहिमेवर एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला, आणि २००६ मध्ये तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितले की मूल्यमापनात तिच्यामुळे तरुणांतील सेवन कमी झाल्याचा पुरावा मिळालेला नाही.

परंतु वरील प्रयोगातून सरळ निष्कर्ष काढून फक्त ‘व्यसनमुक्त’ झालेल्या माणसाची यशोगाथा दाखवावी, असेही मला वाटत नाही. आपल्या संस्थेचे काम प्रामुख्याने आज अमली पदार्थ घेत असलेल्या लोकांसाठी आहे. जो पूर्ण सोडतो तोच मदतीला पात्र, असा अर्थ व्हिडिओतून निघाला, तर आपणच आपल्या मागणीचा पाया काढून घेतो. स्वच्छ सिरिंज, नॅलॉक्सोन, किंवा हेरॉइनऐवजी दिली जाणारी मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे यांचा हेतू माणूस जिवंत आणि निरोगी राहावा हा आहे. सोडायचे की नाही, कधी सोडायचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. म्हणून सेवेचे रोजचे, साधे रूप दाखवावे: नोंद करणारी परिचारिका, वापरलेल्या सुया टाकण्याचा डबा, औषध घेऊन कामावर निघालेला माणूस, अतिमात्रेत श्वास मंदावलेल्या मित्राला नॅलॉक्सोन कसे दिले हे सांगणारी बाई. यात नाट्य कमी आहे, हे खरे. पण ज्या अधिकाऱ्याला परवानगी द्यायची आहे, त्याला आपण कशाला परवानगी देत आहोत हे डोळ्यांनी पाहता आले की त्याच्या मनातील बरीचशी भीती ओसरते. निवेदनात लोकांना ‘व्यसनी’ किंवा ‘गर्दुल्ले’ म्हणू नये, हे वेगळे सांगायला नको.

लांबीबाबत थोडक्यात सांगतो. एका निर्णयासाठी, एका बैठकीत दाखवायचा व्हिडिओ चार मिनिटांपेक्षा मोठा असू नये. त्यात मागणी शेवटच्या मिनिटात स्पष्ट शब्दांत यावी आणि शक्यतो ती बाधित व्यक्तीच्या तोंडून यावी. फोनचा कॅमेरा पुरेसा आहे. पैसे खर्चायचे असतील तर आधी चांगल्या मायक्रोफोनवर खर्च करावेत, कारण चित्र थोडे अस्पष्ट असले तर प्रेक्षक सहन करतो, पण ऐकू न येणारी साक्ष वाया जाते. उपशीर्षके नेहमी द्यावीत.

चेहऱ्यांचा प्रश्न मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. अनेक देशांत सेवन हाच गुन्हा आहे. कॅमेऱ्यासमोर ‘मी घेतो’ असे म्हणणारा माणूस पोलिसांपुढे कबुली देत असतो, शिवाय मालकापुढे, घरमालकापुढे आणि मुलांच्या ताब्याचा वाद चालू असेल तर न्यायालयापुढेही. स्त्रियांच्या बाबतीत हा शेवटचा धोका फार मोठा असतो आणि त्या तो नेहमी बोलून दाखवत नाहीत, म्हणून आपणच तो विषय काढावा. संमती घेताना मी ‘दाखवू का’ एवढेच विचारत नाही. हा व्हिडिओ उत्तम चालला तर काय होईल आणि सर्वांत वाईट काय होऊ शकेल, हे दोन्ही मी ठोस उदाहरणांनी सांगतो: पाच वर्षांनी नवीन नोकरीसाठी कोणी आपले नाव शोधले तर हे दिसेल, मुलगी मोठी झाल्यावर तिच्या वर्गमैत्रिणीला हे सापडेल, सरकार बदलले तर आज सौम्य असलेला पोलीस अधिकारी उद्या नसेल. बंद दालनातील समितीपुढे दाखवण्यास होकार आणि इंटरनेटवर टाकण्यास होकार हे दोन वेगळे निर्णय आहेत. ते वेगवेगळे विचारावेत आणि संमतीपत्रावर वेगवेगळे नोंदवावेत. पुष्कळ लोक पहिल्याला आनंदाने होकार देतात आणि दुसऱ्याला नकार देतात, आणि धोरणाच्या कामासाठी बहुधा पहिलाच पुरतो.

नशेत असलेल्या किंवा औषध न मिळाल्याने तडफडत असलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जावे. ज्या कार्यकर्त्याच्या हातून त्याला रोज औषध मिळते, त्याच कार्यकर्त्याने संमती मागू नये, कारण नकार दिला तर सेवा थांबेल अशी शंका, कोणी बोलून दाखवली नाही तरी, मनात येतेच. प्रवासाचा खर्च आणि बुडालेली मजुरी द्यावी, ती सर्वांना सारखी द्यावी, आणि काय बोलले जाते यावर ती अवलंबून नाही हे आधी सांगावे. संकलन झाल्यावर पहिला मसुदा बोलणाऱ्यालाच दाखवावा आणि एखादे वाक्य काढा असे तो म्हणाला तर वाद न घालता ते काढावे. हे करताना कधीकधी व्हिडिओतील सर्वांत प्रभावी वाक्य जाते. जाऊ द्यावे.

ओळख लपवायची ठरली तर ती चित्रीकरणातच लपवावी. चेहरा चित्रित करून नंतर धूसर करणे हा दुसऱ्या क्रमांकाचा मार्ग आहे, कारण मूळ फाइल कोणाच्या तरी फोनमध्ये राहते आणि जप्तीत तीच आधी सापडते. हात, पाठमोरी आकृती किंवा खिडकीसमोरची छाया यांवर फोकस धरावा. गोंदण, अंगठी, भिंतीवरची चित्रे, खिडकीबाहेरची इमारत आणि चष्म्यातील प्रतिबिंब हे सगळे तपासावे. आवाज यंत्राने जाड किंवा बारीक केला तर तो बऱ्याचदा उलट प्रक्रियेने मूळ रूपात आणता येतो, म्हणून जोखीम खरी असेल तेव्हा दुसऱ्या व्यक्तीकडून तेच शब्द वाचून घ्यावेत आणि तसे पडद्यावर लिहावे. फोनमधील स्थाननोंद आधीच बंद करावी, आणि मूळ फाइल पाठवण्यापूर्वी तिच्यातील तारीख व ठिकाणाची माहिती काढून टाकावी.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. पोलिसांची मारहाण, केंद्रावरील छापा किंवा कोठडीतील मृत्यू यासंबंधीचे चित्रण पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर तीच तारीख, तेच ठिकाण आणि मूळ फाइल यांना हात लावू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये फिलिपिन्समधील कॅलोओकान येथे अमली पदार्थविरोधी कारवाईत १७ वर्षांचा एक विद्यार्थी मारला गेला. त्याने पोलिसांवर गोळी झाडली, असे पोलिसांचे म्हणणे होते. परंतु पोलीस एका मुलाला ओढत नेत असल्याचे सीसीटीव्हीत दिसले, साक्षीदार पुढे आले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तीन पोलिसांना खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. असे चित्रण हाती आले तर आधी मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवाव्यात, ती कोणाकडून कधी मिळाली हे लिहून ठेवावे, वकिलाला दाखवावे आणि मगच प्रसिद्धीचा विचार करावा. संकलित, संगीत घातलेली प्रत ही प्रचाराची वस्तू आहे. पुरावा म्हणून तिचा काही उपयोग होत नाही.

वितरणाला आपण बहुधा फार थोडा वेळ दिला असावा. तयारीचा निम्मा वेळ वितरणासाठी राखावा. निर्णय ज्या बैठकीत व्हायचा आहे तिच्या काही आठवडे आधी, निर्णय घेणाऱ्याच्या विश्वासातील दोन-तीन माणसांना व्हिडिओ स्वतंत्रपणे दाखवावा, त्यांचे आक्षेप ऐकावेत, आणि शक्य असल्यास त्यांची उत्तरे अंतिम प्रतीत घालावीत. प्रत्यक्ष बैठकीत व्हिडिओनंतर लगेच एका पानाचे टिपण द्यावे, ज्यात मागणी, लागू असलेले कलम आणि अंदाजे खर्च असेल. दाखवण्याच्या वेळी व्हिडिओतील एखादी व्यक्ती, तिची इच्छा असेल तर, दालनात हजर असावी. यूट्यूबवर टाकायचा असेल तर लक्षात ठेवावे की अमली पदार्थांचे सेवन दाखवणारा आशय तिथे वयाच्या अटीखाली जाऊ शकतो किंवा काढला जाऊ शकतो. शैक्षणिक आणि माहितीपर आशयाला सवलत असते, पण तो संदर्भ व्हिडिओच्या आतच स्पष्ट दिसावा लागतो. सेवनाचे दृश्यच नसेल तर ही अडचण बव्हंशी येत नाही. २६ जून हा अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस आणि त्यानिमित्ताने २०१३ पासून होणारी ‘सपोर्ट, डोन्ट पनिश’ (‘आधार द्या, शिक्षा नको’) मोहीम या काळात पत्रकार विषय शोधत असतात, तेव्हा छोटी सार्वजनिक आवृत्ती प्रसिद्ध करणे सोयीचे जाते.

परिणाम मोजताना किती जणांनी पाहिले हा आकडा बाजूला ठेवावा. समितीच्या इतिवृत्तात आपली मागणी नोंदली गेली का, अधिकाऱ्याने पुढची भेट दिली का, परिपत्रकाचा मसुदा बदलला का, आपले वाक्य कोणी सभागृहात वापरले का, हे लिहून ठेवावे. बदल झाला तरी काम संपत नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्याने नोव्हेंबर २०२० मध्ये मतदानाने अल्प प्रमाणात अमली पदार्थ बाळगण्याची फौजदारी शिक्षा रद्द केली, परंतु उपचारांचा निधी केंद्रांपर्यंत पोहोचण्यास उशीर झाला, रस्त्यांवरील सेवनाची दृश्ये चर्चेच्या केंद्रस्थानी आली, आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा ठरले. हंगेरीची राजधानी बुडापेस्टच्या आठव्या विभागातील मोठे सुई-सिरिंज केंद्र स्थानिक प्रशासनाच्या विरोधामुळे २०१४ मध्ये बंद पडले. म्हणून परवानगी मिळाल्याच्या दिवसापासून केंद्राचे रोजचे काम, शेजाऱ्यांच्या बैठका आणि परिसराची स्वच्छता यांचे चित्रण संमतीने साठवत राहावे. विरोधकांची दृश्ये येतील तेव्हा ती चित्रणे हाताशी असली पाहिजेत.

आपल्या जुन्या माहितीपटाबद्दल माझी सूचना अशी. त्यात चेहरे दिसणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा भेटावे आणि तो सार्वजनिक ठेवायचा की नाही हे नव्याने विचारावे. ज्यांचा नकार असेल त्यांचा भाग काढून नवी प्रत करावी, आणि जुना दुवा बंद करावा. इतरांनी उतरवून घेतलेल्या प्रती परत घेता येत नाहीत हेही त्यांना स्पष्ट सांगावे. उरलेल्या साक्षींमधून आरोग्य खात्यासाठी चार मिनिटांची आवृत्ती काढता येईल, मात्र आधी शेजाऱ्यांच्या आणि एखाद्या निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या मुलाखती घ्याव्या लागतील. कच्चे चित्रीकरण संकेतबद्ध (एन्क्रिप्टेड) डिस्कवर ठेवावे, ते कोणाच्या ताब्यात आहे हे संस्थेतील दोनच व्यक्तींना माहीत असावे, आणि ते किती काळ ठेवून कधी नष्ट करायचे हे संमतीपत्रातच लिहावे.